कोकण-गोव्याच्या समुद्राची आकडेवारी वाचताय? या चुका टाळा

किनाऱ्यालगतच्या समुद्राचे आकडे आता घरबसल्या मिळतात. अडतं ते वाचताना, आणि एमएस्सीच्या प्रकल्पांत वर्षानुवर्षं त्याच त्या चुका दिसतात.

सगळ्यात महागात पडते ती वाऱ्यावरून प्रवाह ठरवण्याची सवय. पावसाळ्यात ती खपून जाते. जून ते सप्टेंबर किनाऱ्याला समांतर वाऱ्याचा ओढा दक्षिणेकडे असतो आणि पश्चिम किनाऱ्याचा प्रवाहही दक्षिणेकडेच वाहतो. डिसेंबरात मात्र वारा उत्तरेकडून येत असताना पाणी त्याच्या तोंडावर उत्तरेला निघालेलं असतं. पहिल्यांदा हा आलेख काढणारा विद्यार्थी मग उणे-अधिकची चिन्हं तपासत बसतो. चिन्हं बरोबर असतात. कारण शोधायचं ते बंगालच्या उपसागरात. तिथल्या वाऱ्यांनी उठवलेल्या केल्विन लाटा, म्हणजे किनाऱ्याला धरून सरकणाऱ्या लांबच लांब लाटा, किनारा उजव्या हाताला ठेवून पूर्व किनाऱ्याने खाली उतरतात, भारत-श्रीलंकेच्या टोकाला वळसा घालतात आणि आपल्या बाजूने वर चढतात. वेग सेकंदाला २ ते २.५ मीटर, म्हणजे दिवसाला साधारण २०० किलोमीटर. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही, पातळी काही सेंटिमीटरच हलते. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सतीश शेट्ये, डी. शंकर यांच्या कामामुळे हे कोडं बरंचसं सुटलं. तेव्हा गोव्याच्या प्रवाहाशेजारी पूर्व किनाऱ्याची उपग्रहाने मोजलेली समुद्रपातळीही मांडून बघा. हाच हिवाळी प्रवाह उपसागराचं कमी खारट पाणी अरबी समुद्राच्या पूर्व भागात आणतो. पाऊस नसताना क्षारता उतरली, तर लगेच यंत्राला दोष देऊ नका.

त्यातच दिशेची गफलत. ‘ईशान्येचा वारा’ ईशान्येकडून येतो, पण प्रवाहाच्या तक्त्यातली ईशान्य म्हणजे पाणी जातं ती दिशा. दोन्ही एकाच आलेखावर बाण काढून दाखवताना हे विसरलं, की १८० अंशांचा घोळ ठरलेला.

दुसरी चूक फसवी आहे: उपग्रहाच्या तापमानावरून खालचं थंड पाणी वर आलं की नाही, हे ठरवणं. गोव्यासमोर ऑगस्ट-सप्टेंबरात ते वर सरकलेलं असतं, पण पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा ५ ते १० मीटर जाडीचा पापुद्रा त्याला झाकून टाकतो. उपग्रह या झाकणाचंच तापमान सांगतो. त्याखाली प्राणवायू जवळजवळ संपलेलाही असू शकतो. होडीतून तळापर्यंतचं तापमान आणि क्षारता घेतल्याशिवाय ‘थंड पाणी आलंच नाही’ असं लिहू नका.

तिसरी चूक मी स्वतः केली आहे. रोज सकाळी दहा वाजता खाडीच्या तोंडाशी क्षारता मोजली आणि पंधरवड्याचा सुंदर चढउतार सापडला म्हणून हरखलो. मुख्य भरती १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणून रोज ठरल्या वेळी मोजलं की ती पावणेपंधरा दिवसांच्या खोट्या लयीत उमटते. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांची खरी लयही तेवढीच, त्यामुळे संशयही येत नाही. निदान पंचवीस तास, दर तासाला मोजा, मग कळतं.

मुंबईकरांसाठी एक. पावसाळ्यात बातमी येते, ‘आज ४.८ मीटरची भरती’. हा आकडा समुद्राच्या नकाशाच्या आधारपातळीवरून, म्हणजे साधारण सगळ्यात खोल ओहोटीच्या पातळीवरून, मोजलेला असतो, आणि मुंबईत सरासरी समुद्रपातळी तिच्यापेक्षा सुमारे अडीच मीटर वर आहे. जमिनीच्या नकाशाशी ताडायचं तर आधी ते अडीच मीटर वजा करा. हाच आकडा गोव्याला लावण्यात तर अर्थच नाही. तिथे उधाणातही भरती-ओहोटीतला फरक २ मीटरच्या आसपास.

वेळेचं म्हणाल तर तक्ता भारतीय वेळेचा की जागतिक, हे आधी बघा. साडेपाच तासांत भरतीची जवळजवळ सुकती होते. पडताळा घरचाच आहे: तिथीला ३ने गुणून ४ने भागा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास भरती. हा हिशेब मुंबईच्या बाजूचा. गोव्यात ती आधी येते, आणि खाडीत आत जावं तसतशी उशिरा.