ई-लिक्विड कसे निवडावे: उपकरण, बाटली आणि मग चव

सिगारेट सोडून व्हेपकडे, म्हणजे ई-सिगारेटकडे, वळलेल्या माणसाचा पहिला महिना बहुधा ई-लिक्विडच्या, म्हणजे तापवून वाफ करायच्या द्रवाच्या, चुकीच्या बाटल्या विकत घेण्यात जातो. माझाही तसाच गेला. ब्रिटनमधल्या व्हेपच्या दुकानात भिंतभर रंगीत बाटल्या मांडलेल्या असतात, आणि मिठाईच्या दुकानात शिरलेल्या पोरासारखे आपण चवीच्या नावावरून बोट दाखवतो. या लेखातली सारी पद्धत त्याच्या नेमकी उलट आहे: आधी उपकरण पाहावे, मग निकोटिनचे प्रमाण, मग द्रवाचा दाटपणा, आणि चव सर्वांत शेवटी. हे सर्व ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि सिगारेट ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढलेल्या प्रौढांसाठी लिहिले आहे. तिथली आरोग्यसेवा व्हेपला सिगारेटपेक्षा कमी घातक मानते, पण निर्धोक मानत नाही. ज्याने कधी सिगारेट ओढलीच नाही, त्याने या वाटेला जाण्याचे काही कारण नाही.

उपकरणातील कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तार, काढून तिच्यावर छापलेला ओहमचा, म्हणजे विजेच्या रोधाचा, आकडा वाचावा. तो 1 किंवा त्याहून अधिक असेल, म्हणजे सिगारेटसारखा आधी तोंडात आणि मग छातीत झुरका घेण्याचे छोटे पॉड असेल, तर पीजी आणि व्हीजी निम्मे-निम्मे असलेले पातळ लिक्विड घ्यावे. आकडा 0.5 च्या खाली असेल, म्हणजे ढगांसारखी वाफ सोडणारा मोठा टँक असेल, तर 70 टक्के किंवा त्याहून अधिक व्हीजीचे दाट लिक्विड लागते. पीजी म्हणजे प्रॉपिलिन ग्लायकॉल. ते पातळ असते, चव चांगली वाहून नेते आणि घशाला किंचित टोचते. व्हीजी म्हणजे व्हेजिटेबल ग्लिसरीन. ते काकवीसारखे संथ वाहते, अंगचेच थोडे गोड असते आणि वाफ दाट करते. दाट लिक्विड छोट्या पॉडमध्ये भरले, तर कॉइलमधल्या कापसापर्यंत ते वेळेत पोहोचत नाही, कापूस कोरडा राहून जळतो, आणि जळक्या चिंधीची जी चव जिभेवर येते ती दिवसभर जात नाही. उलट पातळ लिक्विड मोठ्या टँकमध्ये भरले, तर ते खालच्या छिद्रांतून गळते आणि झुरक्याबरोबर थेंब तोंडात येतात.

निकोटिनचे गणित वेगळे आहे. 2016 सालच्या ब्रिटिश नियमांनुसार लिक्विडमध्ये 1 मिलीला जास्तीत जास्त 20 मिग्रॅ निकोटिन चालते, निकोटिन असलेली बाटली 10 मिलीपेक्षा मोठी असू शकत नाही, आणि टँक 2 मिलीपेक्षा मोठा नसावा लागतो. दिवसाला पाकीटभर सिगारेट ओढणाऱ्याने छोट्या पॉडमध्ये 18 किंवा 20 मिग्रॅपासून सुरुवात करण्यात संकोच करू नये; कमी घेतले तर हात पुन्हा पाकिटाकडे जातो. मोठ्या टँकमध्ये मात्र 3 मिग्रॅ बहुतेकांना पुरते, फार तर 6, कारण एका झुरक्यात वाफच कितीतरी अधिक येते. त्या टँकमध्ये 20 मिग्रॅचे लिक्विड भरून डोके गरगरल्याची आणि पोटात ढवळल्याची तक्रार करणारे लोक मी पाहिले आहेत. ‘निकोटिन सॉल्ट’ लिहिलेल्या बाटलीत निकोटिन बेंझोइकसारख्या आम्लाबरोबर बांधलेले असते, त्यामुळे 20 मिग्रॅलाही घसा खवखवत नाही. साध्या, म्हणजे फ्रीबेस निकोटिनचा 18 मिग्रॅचा झुरका घशाला सणसणीत लागतो. तो झटका ज्यांना सिगारेटीची आठवण म्हणून हवा असतो, त्यांनी तो घ्यावा. इतरांनी सॉल्टच घ्यावे.

आता दुकान. चांगले दुकान ओळखण्याची माझी खूण ही की तिथला माणूस ‘कोणती चव हवी’ असे विचारण्याआधी ‘कोणते उपकरण वापरता आणि पूर्वी किती ओढत होता’ असे विचारतो. बाटली हातात घेतल्यावर तिच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला ‘निकोटिन व्यसन लावते’ हा मोठा इशारा, शिवाय घटकांची यादी, बॅच क्रमांक आणि मुलांना सहज न उघडणारे झाकण, एवढे पाहावे. निकोटिनचे प्रत्येक उत्पादन विक्रीपूर्वी औषधे व आरोग्य उत्पादने नियामक संस्थेकडे, म्हणजे एमएचआरएकडे, नोंदवावे लागते आणि ती यादी कुणालाही पाहता येते; शंका आली तर बाटलीवरचे नाव तिथे शोधावे. एका दुकानदाराने मला एकदा ‘खास माल’ म्हणून 30 मिलीची निकोटिनयुक्त बाटली काउंटरखालून काढून दिली होती. 10 मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत निकोटिन दिसले की ती बाटली बेकायदा, एवढे मला तेव्हा ठाऊक असते तर पैसे वाचले असते.

लोण्याच्या आणि कस्टर्डच्या चवींबाबत एक जास्तीची खबरदारी घ्यावी. लोण्याचा वास देणारे डायअसिटिल खाण्यात निरुपद्रवी असले, तरी श्वासातून गेल्यास फुप्फुसांतल्या बारीक नळ्यांना इजा करते. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात जॅस्पर इथल्या पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांचा आजार 2000 साली उघडकीला आला, तेव्हा ते ठळकपणे कळले. ब्रिटनमध्ये निकोटिनयुक्त लिक्विडमध्ये ते वापरता येत नाही. तरीही मी कस्टर्ड घेताना डायअसिटिल आणि त्याच्यासारख्या रसायनांची चाचणी करून तसे जाहीर करणाऱ्या उत्पादकाचेच घेतो.

मग येतो तो मनाजोगा भाग. ब्रिटनमधल्या जुन्या हौशी मंडळींच्या तोंडी एक नाव हटकून येते: व्हॅम्पायर व्हेप या कंपनीचे हायझेनबर्ग. फळांचा गोंधळ, वर थंडगार मेंथॉल आणि खाली बडीशेपेची रेघ, असा त्याचा बाज आहे. इंग्रज माणसाला ती बडीशेप गूढ वाटते. आपल्याला ती जेवणानंतरच्या तबकासारखी लागते, आणि म्हणूनच मराठी माणसाला हे लिक्विड एकतर पहिल्या झुरक्याला पटते किंवा मुळीच पटत नाही. त्याचेच भावंड पिंकमन हे ग्रेपफ्रूटच्या कडवटपणाचे आणि अधिक फळाळ आहे. टी-ज्यूसच्या रेड अस्टेअरमध्ये लाल फळे, निलगिरी, बडीशेप आणि मेंथॉल एकत्र येतात. माझ्या बायकोने त्याचा वास घेतला आणि ‘छातीला लावायचा बाम कुठे सांडला?’ असे विचारले. तरी ते माझ्या कपाटात नेहमी असते.

गोड खाऊच्या वर्गात डिनर लेडीचे लेमन टार्ट प्रसिद्ध आहे. लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्नची ही कंपनी 2016 मध्ये सुरू झाली. या लिक्विडमध्ये लिंबाचे घट्ट सारण, वर मेरंग (अंड्याच्या पांढऱ्याचा गोड फेस) आणि खाली खुसखुशीत पेस्ट्री, असे तीन थर खरोखर वेगवेगळे जाणवतात. त्याच गावातली टोटली विकेड त्याहून जुनी. तंबाखू उत्पादनांबाबतच्या युरोपीय निर्देशाविरुद्ध या कंपनीने युरोपीय न्यायालयात दाद मागितली आणि 4 मे 2016 रोजी निकाल तिच्या विरोधात गेला. वर सांगितलेल्या 20 मिग्रॅ आणि 10 मिलीच्या मर्यादा त्याच निर्देशातून आल्या आहेत. तंबाखूच्या चवी या सर्वांत फसव्या. सिगारेटच्या चवीची वाफ कुणालाच बनवता आलेली नाही, कारण सिगारेटची चव ही मुळात जळण्याची चव आहे. अमेरिकेतल्या हेलो कंपनीचे ट्रायबेका हे गोडसर, कॅरमेलकडे झुकणारे लिक्विड आवडते ते त्याने सिगारेटची नक्कल करण्याचा हट्ट धरला नाही म्हणून. मलेशियातल्या नॅस्टी ज्यूससारख्या घराण्यांनी थंड फळांची लाट आणली. त्यांच्या कुश मॅनमधला आंबा रसाळ आहे, पण तो डब्यातला आंबा आहे. पेटीतल्या हापूसचा वास बाटलीत शोधणाऱ्याने निराश होऊ नये, तो तिथे नसतोच.

1 जून 2025 पासून ब्रिटनमध्ये एकदाच वापरून फेकायच्या व्हेपची विक्री बंद झाली, आणि त्यांच्याच चवी आता एल्फलिकसारख्या 10 मिलीच्या सॉल्ट बाटल्यांत मिळतात. त्या चविष्ट आहेत, पण त्यांतला गोडवा बहुधा सुक्रालोजचा असतो आणि तो कॉइलवर काळ्या पाकासारखा चढतो. साध्या लिक्विडवर दोन आठवडे टिकणारी माझी कॉइल अशा बाटलीवर चार-पाच दिवसांत मान टाकते. लिंबू, दालचिनी आणि बडीशेपेच्या चवींचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवावा: त्या पारदर्शक प्लास्टिकच्या टँकला तडे पाडतात. मी लिंबाचे लिक्विड प्लास्टिकच्या टँकमध्ये भरून रात्री खिडकीत ठेवले होते. सकाळी केसासारख्या बारीक चिरा टँकभर पसरल्या होत्या आणि खालच्या पडद्याला वाटीएवढा चिकट डाग पडला होता. अशा चवींसाठी काचेचाच टँक घ्यावा.

नवी चव नेहमी 10 मिलीच्या बाटलीत, आणि शक्यतो नव्या कॉइलवर चाखावी. जुन्या कॉइलमध्ये आधीच्या चवीचे भूत राहते. पहिल्या दिवशी मत बनवू नये. तीच चव सलग आठवडाभर ओढली की जीभ बधिर होते आणि बाटलीच बिघडली असे वाटू लागते. अशा वेळी दोन दिवस मेंथॉल ओढावे आणि पाणी भरपूर प्यावे.

आवड पक्की झाली की शॉर्टफिलकडे वळावे. शॉर्टफिल म्हणजे निकोटिन नसलेली, मुद्दाम थोडी रिकामी ठेवलेली मोठी बाटली. 60 मिलीच्या बाटलीत 50 मिली लिक्विड असते. तिच्यात 18 मिग्रॅचा 10 मिलीचा निकोटिन शॉट, म्हणजे बिनचवीचे निकोटिन लिक्विड, ओतून हलवले की एकूण 180 मिग्रॅ निकोटिन 60 मिलीत पसरते, म्हणजे 3 मिग्रॅचे लिक्विड तयार होते. 100 मिलीच्या शॉर्टफिलला असे दोन शॉट लागतात. ब्रिटनमध्ये 1 ऑक्टोबर 2026 पासून दर 10 मिलीला 2.20 पौंड उत्पादन शुल्क ठरले आहे आणि ते निकोटिन नसलेल्या लिक्विडलाही लागू आहे, त्यामुळे मोठ्या बाटलीची स्वस्ताई पूर्वीसारखी राहणारी नाही, हे हिशेबात धरावे.

स्वतः मिसळणाऱ्यांची जमात निराळीच आहे. त्यांच्या टेबलावर अमेरिकेतल्या कॅपेलाचे व्हॅनिला कस्टर्ड, टीपीएची (द परफ्यूमर्स अप्रेंटिस या कंपनीची) पिकलेली स्ट्रॉबेरी, इटलीतल्या फ्लेवरआर्टचे फुजी सफरचंद आणि पोलंडमधल्या इनावेराचे अर्क हमखास दिसतात. 3 मिग्रॅचे, 70 टक्के व्हीजीचे 30 मिली लिक्विड करायचे, तर 18 मिग्रॅचा आणि 70 टक्के व्हीजीचा निकोटिन शॉट 5 मिली, पीजीतले अर्क मिळून 3 मिली, व्हीजी 17.5 मिली आणि पीजी 4.5 मिली घ्यावे. प्रत्यक्षात सिरिंजपेक्षा शतांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा सोयीचा पडतो. 1 मिली पीजीचे वजन सुमारे 1.04 ग्रॅम आणि व्हीजीचे 1.26 ग्रॅम भरते. फळांची मिश्रणे दोन दिवसांत तयार होतात, कस्टर्ड मात्र लोणच्यासारखे मुरावे लागते. तीन-चार आठवडे अंधाऱ्या कपाटात ठेवले की त्याचा कच्चा, अल्कोहोलसारखा वास जातो आणि रंग चहासारखा गडद होतो. व्हॅनिलाचा हा रंग बदलणे स्वाभाविक असते. एक गोष्ट मात्र कदापि करू नये: फराळासाठी आणलेले वेलचीचे किंवा केशराचे इसेन्स, किंवा कोणतेही सुगंधी तेल लिक्विडमध्ये घालू नये. तेल फुप्फुसांत गेले तर न्यूमोनियासारखा गंभीर आजार होतो, आणि स्वयंपाकघरातल्या बाटल्यांवर त्या तेलातल्या आहेत की नाहीत हे अनेकदा लिहिलेलेही नसते.

निकोटिन हाताला लागले तर लगेच साबणाने धुवावे आणि शॉट मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कुलुपाच्या कपाटात ठेवावेत. गोड वासाची ती छोटी बाटली लहान मुलाला सरबतासारखी वाटते आणि थोडीशी पोटात गेली तरी विषबाधा होऊ शकते.

राहिला भारताचा प्रवास. 18 सप्टेंबर 2019 च्या अध्यादेशापासून आणि पुढे त्याच वर्षीच्या कायद्याने भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि साठवण बंद आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला 1 वर्षापर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे गणपतीला घरी जाताना पॉड, कॉइल, बाटल्या सगळे मागेच ठेवावे, आणि पुण्या-मुंबईत कुणी गुपचूप विकायला आले तरी घेऊ नये, कारण त्या बाटलीत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. निकोटिनचे 2 मिग्रॅचे च्युइंगगम तिथे औषधाच्या दुकानात मिळते. मी तीन आठवड्यांची सुट्टी त्यावर काढतो, आणि निघण्याआधी कस्टर्डची नवी बाटली मिसळून कपाटात ठेवतो, म्हणजे परत येईपर्यंत ती मुरलेली असते.