पॉइंटवर लांबचा विमानप्रवास? कनेक्शन निवडताना या चुका टाळा

"दादा, बिझनेस क्लास मिळतोय, पॉइंटही कमी लागतायत, करून टाकू का बुक?" असा मेसेज मला महिन्यातून दोन-तीनदा येतो. मी दर वेळी एकच विचारतो: मध्ये कुठे उतरतोयस? निम्म्या वेळा उत्तर येतं, "ते नाही बघितलं." क्रेडिट कार्डावर किंवा एअरलाइनकडे साठवलेले पॉइंट किती जाणार ते चारदा मोजलेलं असतं, सीट सपाट होते का तेही बघितलेलं असतं. पण मुंबईहून अमेरिकेला जाताना प्रवास मोडतो तो मधल्या विमानतळावर. पैशांच्या तिकिटावर विमान चुकलं तर त्याच रात्री दुसरं तिकीट विकत घेता येतं. पॉइंटवरच्या सीट एअरलाइन मोजक्याच सोडते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तीच सीट पुन्हा मिळणं कठीण असतं. म्हणून कनेक्शन, म्हणजे मध्ये कुठे विमान बदलायचं ते आधी, पॉइंट नंतर, हा माझा क्रम आहे.

शेंगेनमधले दोन विमानतळ

शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे जर्मनीसारखे युरोपातले देश. त्यांच्या आत दोन विमानतळ घेण्याची चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती हुशार माणसं करतात.

माझे मामा-मामी नातवाच्या बारशाला शिकागोला निघाले होते. मामेभावाने आपल्या पॉइंटवर दोघांचं बिझनेस क्लासचं तिकीट काढलं: मुंबई–म्युनिक–फ्रँकफर्ट–शिकागो. दोघांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा. त्याने चौकशीही केली होती. अमेरिकेचा व्हिसा असला की जर्मनीत विमान बदलायला वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही, असं त्याला कळलं होतं आणि ते बरोबरच होतं. पण ती सवलत विमानतळाच्या ट्रान्झिट भागातून बाहेर न पडणाऱ्यांसाठी असते. म्युनिक ते फ्रँकफर्ट हे जर्मनीतल्या जर्मनीत जाणारं विमान. ते पकडायला म्युनिकलाच इमिग्रेशन करून जर्मनीत शिरावं लागतं आणि त्यासाठी पूर्ण शेंगेन व्हिसा हवा. तो दोघांकडे नव्हता.

रात्री साडेअकराला मामांचा फोन आला. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट तीनदा चाळला, वरिष्ठांना बोलावलं आणि बोर्डिंग पास द्यायला नकार दिला. तिचं काही चुकलं नव्हतं. कागद नसलेला प्रवासी नेला तर एअरलाइनला दंड होतो आणि त्याला परतही आणावं लागतं. मामी भाजणी आणि मेतकुटाने भरलेल्या बॅगेशेजारी खुर्चीत बसून होत्या. पहाटे दोघं डोंबिवलीला परतले. पॉइंट दंड कापून परत मिळाले, पण त्या आठवड्यात पॉइंटवर एकही सीट नव्हती. शेवटी रोख पैसे भरून इकॉनॉमीची तिकिटं घेतली, तोवर बारसं होऊन गेलं होतं. मामींनी ते व्हिडिओ कॉलवर पाहिलं.

हा मार्ग वेबसाइटने स्वतःहून दाखवला होता. संगणक फक्त रिकामी सीट शोधतो, तुमच्या पासपोर्टवर काय चिकटवलंय ते त्याला ठाऊक नसतं. म्युनिक–शिकागो थेट विमानात पॉइंटची सीट नव्हती, म्हणून त्याने फ्रँकफर्टचा वळसा जोडला. आणि देश वेगळे असले म्हणून सुटका नाही. झुरिक–फ्रँकफर्ट किंवा व्हिएन्ना–म्युनिक हेही शेंगेनच्या आतलंच उड्डाण.

माझा नियम साधा आहे: शेंगेन व्हिसा नसेल तर शेंगेनमध्ये एकच विमानतळ, आणि तिथून थेट शेंगेनच्या बाहेर. मुंबई–फ्रँकफर्ट–नेवार्क–शिकागो चालेल, मुंबई–म्युनिक–फ्रँकफर्ट–शिकागो नाही. त्या एका विमानतळाला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे बुकिंगच्या दिवशी त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर वाचायचं. हे नियम बदलत असतात. तीस सेकंदांच्या रीलमध्ये कुणी काय सांगितलं यावर आई-वडिलांना विमानतळावर पाठवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

टोकियोचंही असंच. नारिताला उतरायचं आणि हानेदाहून उडायचं, असा मार्ग पॉइंटच्या शोधात सर्रास दिसतो. ही दोन विमानतळं शहराच्या दोन टोकांना, एकमेकांपासून साठ किलोमीटरहून दूर आहेत, आणि मधलं अंतर कापायला भारतीय पासपोर्टवर जपानचा व्हिसा लागतो. शहराचं नाव वाचू नका, विमानतळाचा तीन अक्षरी कोड वाचा. आता हे आपल्याकडेही लागू झालंय. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून "मुंबई ते मुंबई" कनेक्शनमध्ये तुम्ही उलव्याला, म्हणजे नवी मुंबईत, उतरून सहारच्या जुन्या विमानतळाकडे पळत असू शकता.

घरापासूनचा पहिला टप्पा वेगळ्या तिकिटावर

ही चूक मी स्वतः केली आहे. पॉइंटची सीट दिल्लीहून न्यूयॉर्कला मिळाली. मी पुण्यात. पुणे–दिल्लीचं स्वस्त तिकीट वेगळं काढलं, मध्ये पाच तास ठेवले आणि निश्चिंत झालो. महिना जानेवारी. दिल्लीत धुकं पडलं आणि पुण्याचं विमान कितीतरी तास जमिनीवरून हललंच नाही. दिल्लीला टेकलो तेव्हा आंतरराष्ट्रीय काउंटर बंद होऊन चाळीस मिनिटं झाली होती.

दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असते, तर पुढची सोय करणं एअरलाइनचं काम होतं. वेगळ्या तिकिटांवर पहिल्या एअरलाइनच्या दृष्टीने मी दिल्लीला पोचलो, विषय संपला. दुसरीच्या दृष्टीने मी आलोच नाही, म्हणजे नो-शो. नो-शो झालं की त्याच तिकिटावरचे पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात, परतीचाही. माझी परतीची सीट अशीच गेली. तीन वर्षं साठवलेल्या पॉइंटांतून निघालेला प्रवास एका दुपारी संपला, आणि त्यात दोष धुक्याचा नव्हता, माझ्या पाच तासांचा होता.

तेव्हापासून वेगळं तिकीट काढावंच लागलं तर मी आदल्या दिवशी जाऊन त्या शहरात मुक्काम करतो. हॉटेलच्या एका रात्रीचे पैसे मला जड वाटत नाहीत. पुणेकरांना माझं सांगणं आहे की जमेल तिथे मुंबईहूनच उडा आणि रस्त्याने जा. पावसाळ्यात घाटासाठी दोन तास जास्तीचे धरा. आणि शोधताना "पुण्यापासून" असंही एकदा शोधून बघा. कधीकधी देशांतर्गत टप्पा त्याच पॉइंटच्या तिकिटात बसतो, थोडे पॉइंट जास्त जातात. ते मी हसत देतो.

एकाच तिकिटाचं मोल जून २०२५ मध्ये अनेकांना कळलं. २३ तारखेच्या रात्री कतारने हवाई हद्द काही तास बंद केली आणि दोहामार्गे जाणारे हजारो प्रवासी अडकले. एकाच तिकिटावर होते त्यांना पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी एअरलाइनची होती. तिकिटं जोडून जोडून प्रवास रचणाऱ्यांना अशा वेळी प्रत्येक काउंटरवर वेगळं भांडावं लागतं.

अमेरिकेतलं पहिलं विमानतळ

अमेरिकेत जिथे पहिल्यांदा टेकता तिथेच इमिग्रेशन होतं, बॅगा घ्याव्या लागतात, कस्टम्समधून नेऊन पुन्हा द्याव्या लागतात आणि सुरक्षा तपासणीही परत होते. बॅगेवरच्या टॅगवर शेवटचं गाव लिहिलेलं असलं तरीही. दीड तासाचं कनेक्शन वेबसाइट विकते, कारण किमान वेळेच्या नियमात ते बसतं. मी तिथे तीन तासांच्या खाली जात नाही, वयस्कर माणसं असतील तर चार. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पुढच्या गावाला जाणारं त्या दिवसाचं ते शेवटचं विमान नाही ना, हे बघतो. त्यानंतर अजून एक-दोन विमानं असली की मला झोप लागते.

आई-वडील पहिल्यांदा एकटे जाणार असतील तर अबू धाबीचा विचार करा. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात चढण्याआधीच होतं आणि अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. व्हीलचेअर मात्र बुकिंगबरोबरच मागा आणि प्रत्येक टप्प्यावर नोंदली गेलीय का ते तपासा.

बाकीच्या चुका मी थोडक्यात सांगतो, कारण त्या फक्त घाईमुळे होतात.

"बिझनेस" लिहिलंय म्हणून सगळा प्रवास बिझनेसचा नसतो. दोन तासांचा टप्पा बिझनेसमध्ये आणि दहा तासांचा इकॉनॉमीत, असा मार्ग पूर्ण पॉइंट घेऊन दाखवला जातो. प्रत्येक टप्प्यापुढचा क्लास वाचा.

सीट दिसली म्हणून कार्डाचे पॉइंट लगेच एअरलाइनकडे पाठवू नका. भागीदार एअरलाइनची (पॉइंट एकीचे, विमान दुसरीचं) सीट कधीकधी नुसती दिसते, बुक होत नाही, आणि पाठवलेले पॉइंट कार्डावर परत येत नाहीत. मी आधी ग्राहक सेवेला फोन करून ती सीट त्यांनाही दिसते का ते विचारतो.

लंडनला चोवीस तासांपेक्षा जास्त थांबलात तर पुढच्या टप्प्यावर ब्रिटनचा एअर पॅसेंजर ड्यूटी हा कर लागतो. बिझनेसमध्ये तो इकॉनॉमीच्या दुपटीहून जास्त असतो. फुकट वाटणारं तिकीट तिथे महाग होतं.

लोणचं आणि तूप हातातल्या बॅगेत नको. मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी झाली की ते तिथेच राहतं.

शोधताना मुंबई–शिकागो असं एकदम टाकू नका. मी आधी फक्त समुद्रापलीकडचा लांब टप्पा शोधतो, फ्रँकफर्ट–शिकागो किंवा इस्तंबूल–शिकागो. ती सीट दुर्मीळ असते. ती सापडली की मुंबईहून तिथवरचा टप्पा जोडतो. वेळ लागतो, एकेका तारखेवर तासभर जातो. ज्यांना दहा मिनिटांत सगळं हवं असतं त्यांना मी पैसे भरून तिकीट घ्यायला सांगतो.

बुकिंग झालं तरी काम संपत नाही. पॉइंटची तिकिटं दहा-अकरा महिने आधी निघतात आणि तेवढ्या काळात विमानांच्या वेळा बदलतात. तीन तासांचं कनेक्शन पन्नास मिनिटांवर येतं आणि तुम्हाला ईमेल येईलच असं नाही, कारण पॉइंट एका एअरलाइनचे, विमान दुसरीचं. म्हणून त्या दुसऱ्या एअरलाइनचा पीएनआर मागून घ्या. तो बहुधा वेगळा असतो. तेरा आकडी तिकीट क्रमांक आलाय का तेही बघा. तो नसेल तर सीट नुसती धरून ठेवलेली असते, कधीही सुटू शकते. मी दर महिन्याच्या एक तारखेला दोन्ही पीएनआर उघडून वेळा वहीतल्या वेळांशी ताडून बघतो, आणि फरक दिसला की त्याच दिवशी फोन लावतो. वेळ एअरलाइनने बदललेली असेल तर बहुतेक वेळा दुसरं कनेक्शन विनादंड मिळतं, आणि लवकर फोन करणाऱ्याला त्यातलं चांगलं मिळतं.