मक्याच्या शेतातल्या शाळेचा जमाखर्च

अमेरिकेतल्या एका गावात शाळेच्या ऑफिसात बुककीपरच्या जागेसाठी माझी मुलाखत होती, आणि पहिला प्रश्न हिशेबाचा नव्हताच. "बर्फात गाडी चालवता येते का?" येते म्हटलं, मग सुपरिंटेंडेंटनी, म्हणजे इथल्या शाळांच्या मुख्य अधिकाऱ्यांनी, माझी फाइल उघडली. त्या प्रश्नाचा अर्थ पहिल्या जानेवारीत कळला. ऑफिस गावाबाहेर, चारी अंगांना शेतं, आणि वारा सुटला की रस्ता कुठे संपतो नि शेत कुठे लागतं ते दिसत नाही. शाळा भरवायची की सुट्टी द्यायची हे ठरवायला पहाटे साडेचारला स्वतःची पिकअप घेऊन रस्ते बघून येतात तेही सुपरिंटेंडेंटच.

मी तासगावची. बी.कॉम.नंतर सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात सात वर्षं काढली, मग लग्न, मग नवऱ्याच्या नोकरीमागे मध्य इलिनॉय. २०१५ च्या मे महिन्यात नियम बदलला. नवऱ्याचा किंवा बायकोचा आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, मंजूर असेल तर एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्याला कामाची परवानगी मिळू लागली. कार्ड हातात आलं तेव्हा शिकागो अडीच तासांवर आणि जवळपास धान्य साठवायचं एलेव्हेटर, एक नर्सिंग होम आणि शाळा. २०१६ च्या जुलैत मी स्कूल डिस्ट्रिक्टची बुककीपर झाले. उपनगरातल्या मैत्रिणींना स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे घर घेताना बघायचं रेटिंग. पण नोकरीनिमित्त अशा आडगावात येऊन पडलेली आपली कुटुंबंही बरीच आहेत. त्यातल्या कुणाला शाळेच्या ऑफिसात काम करावंसं वाटलं, तर मला तेव्हा कुणी सांगितलं नाही ते इथे सांगते.

आधी शब्दाचा घोळ. डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, त्यामुळे माझ्या डोक्यात सगळं तसंच: वर कुणीतरी शिक्षणाधिकारी, त्याच्यावर सीईओ, पगार वरून येणार, बदलीची ऑर्डर वरून येणार. इथे वर बघितलं तर कुणीच नाही. स्कूल डिस्ट्रिक्ट हे स्वतःच एक छोटं सरकार आहे. त्याची हद्द वेगळी, निवडणूक वेगळी, कर लावायचा अधिकार वेगळा. गावच्या मेयरचा त्याच्याशी संबंध नाही. कौंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी, कर गोळा करून देते, पण हुकूम देत नाही. राज्याचं शिक्षण खातं नियम करतं, अहवाल मागतं आणि अनुदान देतं, पण गावातला शिक्षक कोण हे ठरवत नाही. इलिनॉयमध्ये अशी साडेआठशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत. आमचं त्यातलं एक, बालवाडीपासून बारावीपर्यंत मिळून चारशेच्या आत मुलं, दोन इमारती, नऊ बस. ऑफिसात आम्ही तिघं: सुपरिंटेंडेंट, त्यांची सेक्रेटरी आणि मी.

मालक म्हणायचं तर बोर्ड. सात जण, चार वर्षांची मुदत, निवडणूक विषम सालच्या एप्रिलमध्ये. मानधन शून्य, कायद्यानेच. उभं राहायला अमेरिकेचं नागरिकत्व, अठरा वर्षं पूर्ण, डिस्ट्रिक्टमध्ये वर्षभराचं वास्तव्य, मतदार यादीत नाव आणि फार तर पन्नास सह्या लागतात. पक्षाचं चिन्ह नसतं. आमच्याकडे तीन शेतकरी, एक नर्स, एक बियाणं विकणारा, एक निवृत्त शिक्षिका आणि एक ट्रक दुरुस्त करणारा. बोर्ड खरं तर एकाच माणसाचा रोजचा साहेब असतं, तो म्हणजे सुपरिंटेंडेंट. बाकी सगळे त्याच्या हाताखाली. मात्र प्रत्येक नेमणूक, प्रत्येक राजीनामा आणि दर महिन्याच्या बिलांची यादी बोर्डापुढे मताला येते. प्रिंटरच्या शाईचं बिलसुद्धा. आणि बोर्डाला जे करायचं ते जाहीर बैठकीत. ओपन मीटिंग्ज ॲक्ट नावाचा कायदा आहे, त्याप्रमाणे विषयपत्रिका ४८ तास आधी लावावी लागते, आणि जो विषय पत्रिकेत नाही त्यावर बोलता येतं, निर्णय घेता येत नाही.

हा कायदा मी चुकून शिकले. पहिल्याच ऑगस्टमध्ये पत्रिका टाइप करताना 'बस ड्रायव्हरची नेमणूक' ही ओळ माझ्याकडून गळाली. बैठकीत सातही जण तयार, ड्रायव्हर लायब्ररीच्या शेवटच्या रांगेत बायकोला घेऊन बसलेला, आणि मतदान करता येईना. पुन्हा नोटीस, पुन्हा ४८ तास, पुन्हा बैठक. तोवर तीन दिवस त्या मार्गावर सुपरिंटेंडेंटनी स्वतः बस चालवली. मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त तिसऱ्या दिवशी बसची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून गेले. तेव्हापासून पत्रिका मी दोनदा मोठ्याने वाचते, आणि खुशाल मराठी हेल काढून वाचते.

आता पैसा. मला सगळ्यात जड गेलं ते इथले फंड. माझ्या आईच्या फडताळात पैशांचे डबे असायचे, दुधाचा, किराण्याचा, भिशीचा. महिनाअखेरीला दुधाच्या डब्यातले किराण्याला जायचे आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. इथेही डबेच आहेत: एज्युकेशन फंडात पगार आणि पुस्तकं, ऑपरेशन्स अँड मेन्टेनन्समध्ये इमारत आणि वीज, ट्रान्सपोर्टेशनमध्ये बस, मग कर्जफेडीचा, पेन्शनचा, विम्या-खटल्यांचा, आगप्रतिबंधाचा आणि अडीनडीसाठी वर्किंग कॅश. प्रत्येकाची करवसुली वेगळी, बहुतेकांच्या दराला वेगळी मर्यादा. एका डब्यातून दुसऱ्यात हात घालायचा तर ठराव लागतो, काही वेळा जाहीर सुनावणी, काही डब्यांना तर हात लावताच येत नाही. त्यामुळे बँकेत एकूण पैसा भरपूर दिसतो आणि तरी शिक्षक नेमायला पैसे नाहीत असं होतं. गावकऱ्यांना हे पटवणं म्हणजे डोकेफोड. बसच्या फंडात शिल्लक आहे ना, मग संगीताच्या बाईंना का काढलं?

या डब्यांत पैसा येतो तीन वाटांनी, आणि लहान गावात सगळ्यात मोठी वाट घर-जमिनीच्या कराची. शिकागोची कुक कौंटी सोडली तर राज्यभर मालमत्तेच्या बाजारभावाचा तिसरा हिस्सा करासाठी धरतात. समजा घर दीड लाख डॉलरचं. तिसरा हिस्सा ५०,०००. स्वतः राहत असाल तर त्यातून ६,००० ची सूट, उरले ४४,०००. शाळेचा दर शंभराला साडेचार डॉलर असेल तर शाळेला १,९८० डॉलर. शेतजमिनीचं गणित मात्र निराळं. तिथे बाजारभाव बघत नाहीत, मातीची उत्पादकता बघतात. एकराला दहा-बारा हजार डॉलर मोजून घेतलेली काळी जमीन कराच्या कागदावर काही शे डॉलरची असते. म्हणून मैलोन्‌मैल सुपीक रान असूनही शाळा गरीब राहू शकते, आणि शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या हद्दीत पवनचक्क्या उभ्या राहिल्या की तिथल्या शाळेचं नशीब एका वर्षात पालटतं. २००७ च्या कायद्याने पवनचक्कीची किंमत मेगावॅटमागे ३,६०,००० डॉलर धरायचं ठरलं, पुढे त्यात महागाई मिळवायची आणि घसारा वजा करायचा. आमच्या हद्दीत एकही चक्की नाही. रात्री लाल दिवे लुकलुकताना दिसतात ते शेजाऱ्यांचे.

कर मागायची प्रक्रिया म्हणजे लेव्ही. डिसेंबरच्या शेवटच्या मंगळवारपर्यंत कौंटी क्लार्ककडे आकडा द्यावा लागतो. मागच्या वर्षीच्या वसुलीपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त मागितलं तर वर्तमानपत्रात ठळक नोटीस आणि सुनावणी. म्हणून बहुतेक ठिकाणी आकडा ४.९९ टक्क्यांवर येऊन थांबतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला बाटाच्या चपलांची किंमत आठवली. पण त्यात लबाडी नाही. मालमत्तेचं अंतिम मूल्य तेव्हा हातात आलेलं नसतं. कमी मागितलं तर तेवढ्यावर पाणी सोडायचं, जास्त मागितलं तर क्लार्क दराच्या मर्यादेत कापून देतो. मग थोडं वरच मागायचं. गंमत अशी की हात वर करणाऱ्यांत तेच तीन शेतकरी असतात, ज्यांच्या कराची बिलं गावात सगळ्यात जाड. एका डिसेंबरला मतदान झाल्यावर त्यातल्या एकाने मला विचारलं, "आता माझं बिल कितीने वाढेल?" मी कॅल्क्युलेटर काढला. त्याने आकडा ऐकला, टोपी घातली आणि गेला.

हा पैसा पुढच्या उन्हाळ्यात येतो, आमच्या कौंटीत जून आणि सप्टेंबर अशा दोन हप्त्यांत. पेरणीच्या तोंडाला कणगीचा तळ दिसावा तसे एप्रिल-मे जातात. त्यात मी लागले ते साल वाईट होतं. २०१५ च्या जुलैपासून २०१७ च्या जुलैपर्यंत इलिनॉय राज्याला पूर्ण बजेटच नव्हतं, राज्यपाल आणि विधिमंडळ अडून बसलेले. शाळांचं मूळ अनुदान येत होतं, पण बसच्या खर्चाची भरपाई महिनोन्‌महिने रखडायची. डिझेलवाला काही राज्यपालांच्या सहीची वाट बघत नाही. वर्किंग कॅशमधून उसने काढले, ठराव करून.

त्यातून निघालेली चांगली गोष्ट म्हणजे २०१७ च्या ऑगस्टअखेरीस झालेला अनुदानाचा नवा कायदा, एव्हिडन्स-बेस्ड फंडिंग. कल्पना सोपी आहे. तुमच्या मुलांना नीट शिकवायला किती खर्च यायला हवा हे ३४ घटकांवरून काढायचं. उदाहरणार्थ तिसरीपर्यंत २० मुलांमागे एक शिक्षक, गरीब घरची मुलं असतील तर १५ मागे एक. मग तुमच्याकडे प्रत्यक्षात किती आहे ते बघायचं. जो जास्त मागे, त्याला नव्या पैशातला मोठा वाटा. डिस्ट्रिक्टचे चार गट केलेत, आणि नव्या पैशातले ९९ टक्के पहिल्या दोन गटांना जातात. आधी मिळत होतं ते कुणाचंच कापत नाहीत. पैसे ऑगस्ट ते जून महिन्यातून दोनदा खात्यावर पडतात. इतका नियमित पाहुणा आमच्याकडे दुसरा नाही.

केंद्र सरकारचा हिस्सा लहान, कागद मात्र सगळ्यात जास्त. गरीब घरच्या मुलांसाठीचं टायटल वन, दुपारचं जेवण, आणि सहाशेच्या आत हजेरी असलेल्या ग्रामीण डिस्ट्रिक्टसाठी एक छोटं अनुदान. बहुतेक वेळा आधी खर्च करा, मग बिल पाठवून मागा. कोविडचा पैसा आला, २०२४ च्या सप्टेंबरपर्यंत तो कशावर खर्चायचा ते पक्कं करावं लागलं आणि गेला. ज्यांनी त्यातून कायमचे पगार सुरू केले ते आता निस्तरताहेत.

नोकरीबद्दल. आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून, त्यामुळे जागा वसंतात निघतात. बोटांचे ठसे देऊन पोलिसी चौकशी सुरू झाल्याशिवाय रुजू करून घेत नाहीत, आणि मुलाच्या अंगावर वळ दिसला तर कळवणं कायद्याने तुमच्यावरही बंधनकारक, तुम्ही फक्त बिलं भरत असलात तरी. पगार खासगी कंपनीपेक्षा कमी. आरोग्यविमा आहे, आणि आयएमआरएफ या स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांच्या फंडाचं पेन्शन, ज्यासाठी पगारातून साडेचार टक्के कापतात. आता लागणाऱ्यांना हक्क बसायला दहा वर्षं लागतात. व्हिसावर असाल तर हे गणित आधी मांडा. मधेच गेलात तर स्वतः भरलेलं परत मिळतं, एवढंच. माझं कामाचं कार्ड एकदा नूतनीकरणात अडकलं आणि सात आठवडे बिनपगारी घरी बसावं लागलं. ऑडिटरना ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अहवाल पुढे पाठवायचा असतो, आणि मी नेमकी तेव्हा नव्हते. सेक्रेटरीबाई अजून ऐकवतात.

टॅली येणाऱ्याला इथलं सॉफ्टवेअर दोन आठवड्यांत येतं. खात्यांचे लांबलचक आकडे लक्षात राहायला वर्ष जातं, कारण त्यातला पहिला भाग फंड सांगतो आणि तो चुकला की बसचं टायर भूगोलाच्या पुस्तकांत जाऊन बसतं.

अर्ज टाकायच्या आधी एकदा बोर्डाच्या बैठकीला जाऊन बसा. नागरिक नसलात तरी बसता येतं, आपली वेळ आली की बोलताही येतं. आमच्याकडे महिन्यातला तिसरा सोमवार, संध्याकाळी सहा, प्राथमिक शाळेची लायब्ररी. बजेटच्या दिवशी मोकळ्या खुर्च्या असतात, शेजारच्या गावाबरोबर मिळून फुटबॉलची टीम करायची का हा विषय असेल त्या दिवशी उभं राहावं लागतं. कॉफी ठेवलेली असते. चहा नसतो, मी थर्मास नेते.