वॉर्डात वायरलेस मॉनिटर सुरू होण्याआधीची तयारी

चार्जिंग स्टँड, सॉकेट, ट्रॉलीची चाकं, स्कॅनरचे पासवर्ड हे सगळं प्रत्येक वॉर्ड करतोच, त्यावर शब्द घालवत नाही. लॉगिन मात्र प्रत्येक सिस्टरचं स्वतंत्र हवं. एकीच्या नावावर सगळ्यांनी औषधं दिली, तर कोणी कोणाला कधी काय दिलं याचा पत्ता नंतर कोणालाच लागत नाही.

ज्यासाठी ही यादी लिहायला बसले ते आधी सांगते : नाव. ट्रान्समीटर (पेशंटचे ठोके वायरशिवाय पाठवणारा छोटा डबा) कोणाच्या अंगावर आहे आणि सेंट्रल मॉनिटरवर, म्हणजे सगळे पेशंट एकत्र दिसतात त्या सिस्टरच्या टेबलावरच्या स्क्रीनवर, तो कोणाच्या नावाने दिसतोय, हे जुळतंय का ते बघा. वायर होती तेव्हा हा प्रश्नच नव्हता. मॉनिटरमधून निघालेली वायर समोरच्याच पेशंटच्या छातीवर जायची, ते डोळ्यांना दिसायचं. आता मध्ये काहीच दिसत नाही, आहे ते फक्त कोणीतरी टाइप केलेलं नाव. मागच्या वेळी आमच्या तयारीत नेमकं हेच राहिलं.

पण क्रमाने जाऊ. आधी सिग्नल. आयटीवाले नकाशा दाखवतात, सगळा वॉर्ड हिरवा असतो. तो नकाशा बहुतेक वेळा रिकाम्या वॉर्डात काढलेला असतो. माणसाच्या शरीरात बरंचसं पाणीच, आणि पाणी 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतं. भेटायच्या वेळेत वॉर्ड भरला की तोच कोपरा लाल होऊ शकतो. म्हणून गर्दीच्या वेळी स्वतः फिरा. एक सिस्टर सेंट्रलवर बसू दे, दुसरीने ट्रान्समीटर स्वतःला लावून प्रत्येक बेडपाशी, लिफ्टसमोर, एक्स-रेच्या पॅसेजमध्ये जावं. एक्स-रेच्या खोलीच्या भिंतीत शिसं असतं, त्याच्या मागे सिग्नल जवळपास मरतो. बाथरूम सोडू नका, आणि दार लावून तपासा. चक्कर येऊन पेशंट पडतात ते जास्त करून तिथेच, आणि बाथरूमसाठीच तर आपण त्याला वायरमधून मोकळं केलंय. जिथे सेंट्रलवरची ठोक्यांची आकृती तुटते तो बेड नंबर लिहून आयटीला द्या, तोंडी सांगू नका.

त्यांना हेही विचारा की आपली यंत्रं कुठल्या बँडवर (लहरींच्या कुठल्या पट्ट्यात) आहेत आणि त्या बँडवर आणखी कोण आहे. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरतात : 1, 6 आणि 11. त्याच बँडमध्ये ब्लूटूथ, नातेवाइकांच्या फोनचे हॉटस्पॉट आणि पँट्रीतला मायक्रोवेव्ह. मायक्रोवेव्ह साधारण 2.45 गिगाहर्ट्झवरच चालतो, त्यामुळे त्याच्या भिंतीला लागून असलेल्या बेडवर टेलिमेट्रीचा, म्हणजे ट्रान्समीटर लावलेला, पेशंट ठेवू नका. 5 गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण त्या लहरी भिंतींतून कमी जातात, म्हणजे वॉर्डात वाय-फायचे डबे जास्त लागतात. यंत्रांचं नेटवर्क पाहुण्यांच्या वाय-फायपासून वेगळं आहे ना, तेही लेखी घ्या. ‘हे आयटीचं काम, सिस्टरचं नाही’ असं कोणी म्हणालं तर 1998 ची गोष्ट सांगा. अमेरिकेत डॅलसला एका टीव्ही वाहिनीने डिजिटल प्रक्षेपणाची चाचणी सुरू केली आणि बेलर हॉस्पिटलच्या टेलिमेट्रीचे सिग्नल गेले. त्यानंतर 2000 साली तिथे वैद्यकीय टेलिमेट्रीसाठी स्वतंत्र पट्टे राखून ठेवले गेले. सिग्नल गेला की आधी कळतं ते वॉर्डात बसलेल्या सिस्टरला.

अंतराचा नियम सगळ्यांना पाठ हवा. वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मोबाइल, वॉकीटॉकी अशा वस्तू यंत्रापासून किमान 30 सेंटीमीटर लांब ठेवायच्या. औषध देणाऱ्या पंपावर फोन ठेवायचा नाही, आपला ड्युटी फोनसुद्धा नाही. रेडिओ लहरींनी टॅग वाचणारे आरएफआयडी रीडर येणार असतील तर आणखी जपा. अॅम्स्टरडॅममध्ये झालेल्या आणि 2008 साली छापून आलेल्या अभ्यासात आयसीयूतल्या 41 यंत्रांजवळ, पेशंट जोडलेला नसताना, हे रीडर चालवून पाहिले. 123 चाचण्यांत 34 वेळा गडबड झाली, त्यातल्या 22 धोकादायक ठरवल्या गेल्या. व्हेंटिलेटर बंद पडले, सिरिंज पंप थांबले. म्हणून रीडर व्हेंटिलेटरला टेकवून ठेवायची जागा नेमू नका.

आता नाव. ट्रान्समीटर लावताना सेंट्रलवर पेशंट अॅडमिट करायचा, रिस्टबँड वाचून, बेड नंबर वाचून नाही. बेड नंबर ही पेशंटची ओळख नव्हे. पेशंटला नाव सांगायला लावा, ‘तुम्ही अमुक का?’ असं विचारू नका, गुंगीतला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. मग ट्रान्समीटरवरचा नंबर मोठ्याने वाचा, सेंट्रलवरच्या सिस्टरने तो स्क्रीनवर बघून परत म्हणायचा. शेवटी एक लीड (छातीवरच्या इलेक्ट्रोडला लावलेली छोटी वायर) मुद्दाम काढा. ज्या चौकटीत ‘लीड ऑफ’ येईल त्या चौकटीत याच पेशंटचं नाव हवं. काही सेकंदांचं काम आहे, यापेक्षा खात्रीची तपासणी मला माहीत नाही.

आमच्याकडे बेड सातचा पेशंट दुपारी बेड बारावर हलवला. ट्रान्समीटर त्याच्या गळ्यातल्या पाउचमध्ये तसाच गेला, सेंट्रलवर बेड सातच राहिला. संध्याकाळी बेड सातवर नवा पेशंट आला. रात्री बेड सातच्या चौकटीत अलार्म वाजला, ठोके एकदम वाढलेले. दोघी सातकडे धावल्या. तो शांत झोपलेला, नाडी नीट. इलेक्ट्रोड सुटले असतील म्हणून चादर बाजूला केली, तर छातीवर इलेक्ट्रोडच नव्हते. ते ठोके बेड बारावरच्या पेशंटचे होते. तिथे पोचेपर्यंत तो घामाने भिजला होता. तो वाचला, पण ती मिनिटं त्याची होती आणि ती आपण दुसऱ्याच्या बेडपाशी घालवली.

म्हणून बेड बदलला की नाव तपासा. पेशंट तपासणीहून परत आला की नाव तपासा. ड्युटी बदलताना दोघींनी मिळून, बेडपाशी उभं राहून, नाव तपासा. डिस्चार्ज झाला की सेंट्रलवरही डिस्चार्ज करा, नुसता ट्रान्समीटर काढून ड्रॉवरमध्ये टाकू नका. तसं केलं तर पुढच्या पेशंटला आधीच्याचं नाव तर मिळतंच, त्याच्या अलार्मच्या मर्यादा आणि पेसमेकरची सेटिंगही मिळू शकते. पेसमेकर असलेल्या पेशंटला ‘पेसिंग नाही’ ही जुनी सेटिंग राहिली, तर हृदय थांबल्यावरही मॉनिटर पेसमेकरच्या टोकदार रेघा ठोके म्हणून मोजत राहू शकतो आणि अलार्म वाजत नाही. नाव चुकण्याची किंमत कुठपर्यंत जाऊ शकते ते यावरून बघा.

हे फक्त मॉनिटरचं नाही. रेकॉर्डला जोडलेला इन्फ्युजन पंप एका पेशंटवरून दुसऱ्यावर गेला आणि जोडणी तोडली नाही, तर दुसऱ्याला गेलेलं औषध पहिल्याच्या रेकॉर्डवर चढतं. बीपीच्या फिरत्या यंत्रात शेवटचा स्कॅन केलेला पेशंट राहू शकतो. प्रत्येक यंत्राच्या प्रतिनिधीला डेमोच्या वेळीच विचारा : ‘यात नाव कुठे दिसतं, आणि ते पुसायचं कसं?’ करून दाखवायला लावा, मग तुमच्या हाताने करून बघा. जादा रिस्टबँड छापून टेबलाला चिकटवू देऊ नका. बँड पेशंटच्या मनगटावर, स्कॅन तिथेच. बँड ओला झाला, फाटला, स्कॅन होत नाही तर नवीन बांधा, बारा आकडी नंबर हाताने टाइप करू नका.

अलार्म. ‘सिग्नल नाही’ आणि ‘लीड ऑफ’ हे बऱ्याच यंत्रांवर तांत्रिक अलार्म म्हणून हळू आवाजात येतात. कान त्यांना सरावतात आणि मग ते ऐकूच येत नाहीत. वायरलेसवर ‘सिग्नल नाही’ म्हणजे त्या पेशंटवर आत्ता कोणाचंच लक्ष नाही, तेव्हा जाऊन बघायचं. कोणी जायचं ते आधी ठरवा : ज्या सिस्टरचा पेशंट ती पहिली, ती अडकली असेल तर कोण, आणि किती वेळाने. ड्युटी फोनवर अलार्म येणार असतील तर फोन कोणाच्या खिशात हे रोज फळ्यावर लिहा. इलेक्ट्रोड रोज बदला, त्वचा पुसून, कोरडी करून, केस असतील तर कापून. निम्मे खोटे अलार्म वाळलेल्या जेलमुळे येतात असं माझं मत आहे, आणि खोटे अलार्म कमी झाले तरच खऱ्याला कोणी धावतं.

बॅटरी ठरलेल्या वेळी बदला, संपल्यावर नाही. सकाळच्या हँडओव्हरला बदला, त्याच वेळी नावही तपासून होतं. चार्ज झालेल्या आणि वापरलेल्या बॅटऱ्या दोन वेगळ्या डब्यांत ठेवा.

एमआरआयला जाताना ट्रान्समीटर, लीड, इलेक्ट्रोड सगळं वॉर्डातच काढा. ते आत जाणं म्हणजे भाजण्याचा आणि यंत्र खेचलं जाण्याचा धोका. परत आल्यावर लावताना, हो, नाव.

नेटवर्क बंद पडेल असंच धरून चला. 12 मे 2017 ला वॉनाक्राय नावाच्या संगणक व्हायरसने इंग्लंडमधल्या अनेक रुग्णालयांचे संगणक बंद पाडले आणि कामं कागदावर आली. छापील चार्ट, औषधांची ताजी यादी, पेन, साधं बीपीचं यंत्र, एक वायरवाला मॉनिटर, एवढं एका कपाटात ठेवा. किल्ली रात्रीच्या सिस्टरकडे असू दे, ऑफिसात नको. नेटवर्क गेलं तरी पंप ठरलेल्या वेगाने चालूच राहतो, घाबरून बंद करू नका. मात्र औषधांची नवी लायब्ररी (पंपातली औषधं आणि डोसच्या मर्यादांची यादी) त्यात पोचलेली नसू शकते, डोस दोघींनी मोजा.

नाइट ड्युटीच्या सिस्टर्सचं प्रशिक्षण रात्रीच, दिवसा झोपमोड करून नाही. मावशी आणि वॉर्डबॉयलाही बसवा, कारण बेड तेच हलवतात. त्यांना एकच वाक्य : पेशंट हलवला की सिस्टरला सांगा.

सुरुवातीच्या दिवशी अर्धाच वॉर्ड चालू करा, शनिवारी-रविवारी नको. बायोमेडिकलचा माणूस वॉर्डात हवा, फोनवर नको. यंत्रं पुसायला कंपनीने सांगितलेलंच जंतुनाशक वापरा. कपडे लाँड्रीला जाण्याआधी गाउनचे खिसे बघा, ट्रान्समीटर तिथेच सापडतात. पेशंटला आणि घरच्यांना सांगा की डबा काढायचा नाही, भिजवायचा नाही, शेजारच्याला द्यायचा नाही.

पहिला आठवडाभर दर ड्युटीला एक सिस्टर हातात कागद घेऊन सगळे बेड फिरेल : ट्रान्समीटर नंबर, रिस्टबँडवरचं नाव, सेंट्रलवरचं नाव. तीन रकाने, खाली सही. पुढेही बेड हलवण्याच्या रजिस्टरमध्ये हे तीन रकाने ठेवा.