तीन कॅमेऱ्यांचं नाटक नॅसवर अडखळतंय? आधी वायर बघा

गोव्यात फोंड्याला आमची एडिटिंगची छोटी खोली आहे. दोन मशीन, आणि कोपऱ्यात चार हार्ड डिस्कचा नॅस, म्हणजे दोघांनाही नेटवर्कवरून वापरता येणारं सामाईक स्टोरेज. जत्रेच्या दिवसांत नाटकांची रेकॉर्डिंग एकामागून एक येतात, आणि प्रत्येक प्रयोगाला तीन कॅमेरे असतात. गेल्या हंगामात एक विचित्र प्रकार सुरू झाला. दोन अँगल सुरळीत चालायचे, तिसरा लावला की चित्र थांबायचं. मी नवीन नॅसच्या किमती बघत बसलो होतो, आणि दोष निघाला हातभर लांबीच्या एका पॅचकॉर्डमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या छोट्या वायरीत. तेव्हापासून तपासणीचा क्रम ठरवून टाकलाय. फुकटातल्या गोष्टी आधी, खर्चाच्या नंतर.

पहिली तपासणी नॅसला हात न लावता करायची. अडखळणारी क्लिप मशीनच्या आतल्या एसएसडीवर कॉपी करा आणि तिथून चालवा. तरीही अडखळली तर नॅस निर्दोष आहे. एच.२६५ या घट्ट दाबून साठवायच्या पद्धतीतली फाइल आकाराने लहान असते, पण ती उलगडताना प्रोसेसरचा जीव जातो. अशा वेळी ती प्रोरेस या उलगडायला सोप्या प्रकारात बदलून घ्या किंवा प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी नक्कल, बनवा. नेटवर्कवर कितीही पैसे घातले तरी तिथे काही फरक पडत नाही.

एसएसडीवर नीट चालली, तर कागद-पेन घ्या. ४के यूएचडी, २५ फ्रेम, प्रोरेस ४२२ एचक्यू याला सेकंदाला ७३७ मेगाबिट लागतात. आठाने भागा, साधारण ९२ मेगाबाइट. साध्या गिगाबिट नेटवर्कमधून प्रत्यक्षात ११० च्या आसपास मेगाबाइट मिळतात. म्हणजे एक अँगल जेमतेम बसतो, दुसरा नाही. तीन अँगलना २७६ लागतील, २.५ गिगाबिटचं नेटवर्क तिथे काठावर येतं, १० गिगाबिट निवांत पेलतं. उलट १०८० च्या प्रोरेस प्रॉक्सीला फक्त ३८ मेगाबिट लागतात. कापाकापी प्रॉक्सीवर करून मूळ फाइल कलर ग्रेडिंगच्या वेळीच जोडली, तर बहुतेक लहान खोल्यांना १० गिगाबिटची गरजच पडत नाही. दुकानदार हे सांगणार नाही.

आता वायर. मशीनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. आमच्याकडे तिथे १००० ऐवजी १०० मेगाबिट होतं. तीन प्रॉक्सींचे ११४ त्यातून जाणार कसे! पॅचकॉर्ड काढून खिडकीपाशी धरली तर टोकाच्या आठ सोनेरी रेघांपैकी एकीवर हिरवट थर चढलेला. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एक जोडी गेली की यंत्रं गुपचूप खालच्या वेगावर उतरतात आणि कुठेही चूक दाखवत नाहीत. गोव्याच्या दमट हवेत हे व्हायचंच. पावसाळा संपला की सगळ्या कॉर्ड एकदा काढून बघा, शंका आली ती सरळ फेका. नवी घेताना कॅट ६ए घ्या, ती १० गिगाबिट १०० मीटरपर्यंत नेते. आणि वायफायवरून एडिटिंगचा विचारही नको. जुन्या घरांतल्या चिऱ्याच्या जाड भिंती सिग्नल गिळतात.

लिंक बरोबर दिसली की आयपर्फ३ हे मोफत साधन नॅसवर आणि मशीनवर चालवा. ते डिस्कला न शिवता फक्त वाटेचा वेग मोजतं. गिगाबिटवर ९४० मेगाबिटच्या आसपास आलं तर वाट मोकळी आहे, अडचण डिस्कपाशी आहे.

डिस्कचं दुखणं वेगळं. एक मोठी फाइल सलग वाचताना हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे मेगाबाइट सहज देते. पण तीन अँगल म्हणजे तीन फाइल, आणि दोन एडिटर बसले की सहा. डिस्कचं डोकं इकडून तिकडे धावत राहतं आणि वेग कोसळतो. नॅस भरत आला असेल तर आणखीच. मी वीस टक्के जागा कायम रिकामी ठेवतो. रेडची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधायच्या रचनेची, तपासणी आणि बॅकअप रात्रीच्या वेळेला लावा. नव्या डिस्क घेताना एसएमआर (डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) प्रकारच्या टाळा, रेडमध्ये त्या रडवतात. नॅसमधल्या एसएसडी कॅशवर, म्हणजे वरचेवर लागणारा डेटा एसएसडीवर ठेवायच्या सोयीवर, मात्र पैसे घालू नका. व्हिडिओच्या मोठ्या, सलग फाइलना तिचा फारसा उपयोग होत नाही. तेच एसएसडी वेगळा व्हॉल्यूम म्हणून लावा, चालू नाटक त्यावर ठेवा आणि काम संपलं की हार्ड डिस्कवर हलवा.

फुकटातली आणखी एक गोष्ट म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअरची कॅश, त्याच्या तात्पुरत्या फाइल. प्रीमियर असो वा रिझॉल्व्ह, कॅशचं फोल्डर नॅसवर नव्हे, मशीनच्या एसएसडीवर ठेवा. नाहीतर एकाच वायरीवरून वाचणंही चालतं आणि लिहिणंही.

एवढं करून १० गिगाबिट हवंच असेल आणि एडिटर एकच असेल, तर स्विच, म्हणजे नेटवर्कच्या अनेक वायरी जोडायची पेटी, विकत घेऊ नका. दोन्हीकडे १० गिगाबिटचं कार्ड लावा आणि एक वायर थेट जोडा. नॅसच्या त्या पोर्टला १०.०.०.१, मशीनला १०.०.०.२ असा पत्ता हाताने द्या (घरच्या राउटरची मालिका वेगळी असायला हवी), गेटवे रिकामा सोडा. मग शेअर्ड फोल्डर नावाने न उघडता १०.०.०.१ या पत्त्याने उघडा. इथेच बरेच जण फसतात. नावाने उघडलं की मशीन जुन्या गिगाबिटच्या वाटेने जाऊ शकतं, आणि नवी वायर नुसती लोंबकळत राहते. जंबो फ्रेम, म्हणजे डेटा मोठ्या पुडक्यांत पाठवायची सेटिंग (एमटीयू ९०००), सगळ्यात शेवटी करून बघा. दोन्ही टोकांना आणि मध्ये स्विच असेल तर त्यालाही ती लागते. एक जरी सुटला तरी फाइल मध्येच अडकतात. गिगाबिटच्या दोन वायरी लिंक अ‍ॅग्रिगेशनने जोडल्या तरी एका मशीनची एक कॉपी दुप्पट वेगाने होत नाही. त्यासाठी एसएमबी मल्टिचॅनेल, म्हणजे एकच कॉपी अनेक वायरींवर वाटणारी सोय, लागतं.

राहिला यूपीएस. पहिल्या पावसात लाइट जाते-येते. यूपीएसची यूएसबी वायर नॅसला जोडून ठेवा, म्हणजे बॅटरी संपत आली की नॅस स्वतःहून नीट बंद होतो. स्विचही त्याच यूपीएसवर घ्या. आम्ही तो विसरलो होतो. नॅस चालू राहिला, नेटवर्क गेलं, आणि अर्ध्यावर आलेला एक्सपोर्ट पहिल्यापासून करावा लागला.