श्वासनळीतली ट्यूब आणि एआयचा आकडा : या चुका टाळा

खानापूर, हुक्केरी, निपाणीकडचे गंभीर पेशंट बेळगावच्या नाहीतर कोल्हापूर-मिरजेच्या आयसीयूत पोचतात ते बऱ्याचदा ट्यूब टाकूनच. आल्या आल्या पोर्टेबल एक्स-रे निघतो. आता काही मशिनांवर सोबत एआयचा आकडाही येतो : ट्यूबचं टोक कॅरिनाच्या, म्हणजे श्वासनळी दुभंगते त्या जागेच्या, किती वर आहे. रात्री दोन वाजता फिल्म वाचायला कुणी नसतं तेव्हा याचा खरोखर आधार वाटतो.

पण आकडा चांगला म्हणजे ट्यूब श्वासनळीतच आहे, असं धरू नका. ही सगळ्यात घातक चूक. अन्ननलिका श्वासनळीच्या मागेच असते, त्यामुळे समोरून काढलेल्या फिल्ममध्ये अन्ननलिकेत गेलेली ट्यूबही जागेवर दिसू शकते. ट्यूब किती खोल गेली आहे ते एक्स-रे सांगतो. नळी कुठली, ते कॅप्नोग्राफवरची, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातला वायू मोजणाऱ्या यंत्रावरची, कार्बन डायऑक्साइडची लाट सांगते. लाट उमटत नसेल तर एक्स-रेसाठी थांबायचंच नाही.

दुसरी चूक, मान कशी होती ते न बघता आकडा मानण्याची, मी स्वतः केली आहे. मोठ्या माणसात मान सरळ असताना टोक कॅरिनाच्या साधारण ५ सें.मी. वर हवं, फार तर २ इकडेतिकडे. हनुवटी छातीकडे झुकली की टोक सुमारे २ सें.मी. खाली सरकतं, मान मागे गेली की तेवढंच वर. त्या रात्री आकडा ३ आला, मी निर्धास्त झाले. फिल्म काढताना मान मागे होती, हे पाहिलंच नाही. नंतर डोक्याखाली उशी दिली, आणि थोड्या वेळात डाव्या बाजूला हवा जाईना. श्वासनळीची उजवी शाखा जास्त सरळ उतरते, ट्यूब तिच्यात शिरली होती. तेव्हापासून टेक्निशियनला सांगते : दादा, फिल्मवर मान कशी होती तेही लिहा.

तालुक्याहून व्हॉट्सॲपवर आलेला फिल्मचा फोटो एआयला देऊ नका. फोटोत मूळ माप हरवतं, मग सेंटीमीटरला काही अर्थ उरत नाही. मूळ डायकॉम फाइल, म्हणजे एक्स-रे मशिनमधली मापासकटची फाइल, मागवा.

आकड्याआधी एआयने टोक म्हणून कुठे खूण केली आहे ते बघा. नाकातून पोटात घातलेली नळी, ईसीजीची वायर, यांनी ते फसू शकतं. लहान मुलांना मोठ्यांची मापं लावू नका. सॉफ्टवेअर मुलांसाठी आहे का, आधी विचारा.

आणि फिल्म त्या क्षणापुरतीच. स्ट्रेचरवरून उचलताना, ॲम्ब्युलन्सच्या धक्क्यांत ट्यूब सरकते. निघताना दातांपाशी ट्यूबवरची कितवी खूण आहे (बायकांत साधारण २१ सें.मी., पुरुषांत २३) ते चिठ्ठीवर ठळक लिहा, चिठ्ठी कन्नडमध्ये असो की मराठीत. उतरवून घेणाऱ्या सिस्टरला तीच खूण दिसली नाही, तर आधी लाट बघायची, दोन्ही बाजूंची छाती ऐकायची, मग नवी फिल्म.