पायथनमध्ये भारित मतमोजणीचा अल्गोरिदम कसा लिहावा

भारित मतदानात सगळ्यांची मतं सारख्या किमतीची नसतात. कुणाचं मत ४ धरायचं, कुणाचं १. मोजणीचा लूप जेमतेम तीन-चार ओळींचा. चुका होतात त्या त्याच्या आधी आणि नंतर.

१. वजनांची डिक्शनरी करा. मतदाराचं नाव ही की, वजन ही व्हॅल्यू. वजनं पूर्णांकातच ठेवा. समजा, दहा सभासदांचं वजन प्रत्येकी ०.१ आहे आणि दहाही जण 'हो' म्हणाले. ०.१ संगणकात नेमका साठवता येत नाही, म्हणून लूपमध्ये एकेक मिळवत गेलात तर बेरीज १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते. अट 'किमान १' अशी असेल तर एकमताने संमत झालेला ठराव फेटाळला जातो! वजनं २.५ आणि १.५ अशी असतील तर सरळ २५ आणि १५ लिहा.

२. मोजण्याआधी तपासा. वजन ऋण नाही ना, मतदार यादीत आहे ना, त्याचं मत दोनदा आलं नाही ना. इथे डिक्शनरीचं 'गेट' (get) वापरून, की सापडली नाही तर डीफॉल्ट ० देण्याचा मोह होतो. नावाच्या शेवटी एखादी स्पेस राहून गेली की ४ वजनाचं मत गुपचूप शून्य होतं, आणि कळतही नाही. चौकोनी कंसात की द्या. नाव जुळलं नाही तर 'कीएरर' येऊन प्रोग्रॅम तिथेच थांबतो, आणि थांबायलाच हवा.

३. मोजा. पर्यायांसाठी पूर्णांकाचं 'डिफॉल्टडिक्ट' (defaultdict), म्हणजे नवी की आली की आपोआप ० पासून मोजणारी डिक्शनरी घ्या. प्रत्येक मतामागे त्या पर्यायात मतदाराचं वजन मिळवा.

४. बहुमत ठरवा. भागाकार टाळा. अर्ध्याहून जास्त हवं असेल तर मिळालेल्या वजनाची दुप्पट एकूण वजनापेक्षा मोठी आहे का ते पाहा. दोन तृतीयांशासाठी मिळालेल्याची तिप्पट आणि एकूणाची दुप्पट यांची तुलना करा. पण 'एकूण' म्हणजे कुणाचं? सर्वांचं वजन १७, मत देणाऱ्यांचं ११ आणि होकाराचं ७ असेल, तर एका हिशेबाने ठराव मंजूर, दुसऱ्याने नामंजूर. हे कोडने ठरवायचं नाही. नियम विचारून घ्या आणि फंक्शनला पॅरामीटर म्हणून द्या.

५. बरोबरी सोडवा. 'मॅक्स' बरोबरीत आधी सापडलेला पर्याय देतं, म्हणजे ज्याला पहिलं मत आधी पडलं तो जिंकतो. सर्वाधिक वजनाच्या सगळ्या पर्यायांची लिस्ट परत करा. निर्णायक मत की फेरमतदान, ते पुढे ठरेल.

६. चाचणी घ्या. १९५८ पासूनच्या युरोपीय आर्थिक समुदायाच्या मंत्रिपरिषदेचे आकडे यासाठी फार सोयीचे आहेत. पश्चिम जर्मनी, फ्रान्स, इटली प्रत्येकी ४, बेल्जियम, नेदरलँड्स प्रत्येकी २, लक्झेंबर्ग १. आयोगाच्या प्रस्तावाला १७ पैकी किमान १२ मतं लागत. पायथनच्या 'इटरटूल्स' (itertools) मॉड्यूलमधल्या 'प्रॉडक्ट' (product) फंक्शनने हो-नाहीच्या सर्व ६४ शक्यता तयार करा. नेमक्या १४ मंजूर व्हायला हव्यात, आणि लक्झेंबर्गचं मत उलटवून एकही निकाल बदलता कामा नये: बाकीच्यांची बेरीज कायम सम असते, त्यामुळे ११ वर अडून त्या एका मताची वाट पाहायची वेळच येत नाही. वजन आहे, पण वजनाला किंमत नाही! उत्तर १४ ऐवजी १० आलं, तर 'मोठं किंवा समान'च्या जागी नुसतं 'मोठं' हे चिन्ह पडलंय.